दातांना उसंत दे

कराड

चि. ओंकार यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. गार पाणी प्यायलास की डावीकडच्या वरच्या दातांतून कळ जाते, आणि तू जाहिरातीत बघून कसली तरी पेस्ट आणून लावतोयस, एवढं कळलं. मी तिला तुझा दिवस विचारून घेतला. उठल्या उठल्या गरम पाण्यात लिंबू-मध, ते संपतं न संपतं तोच खसाखसा ब्रश, मग अभ्यासिका. तिथं दर दोन तासांनी चहा, चहाबरोबर खारी नाहीतर बिस्किटं. रात्री फ्लास्क भरून टेबलाशी, आणि मध्यरात्र उलटल्यावर तसंच आडवं होणं. रात्रीचा ब्रश नाहीच. तुझं तोंड न बघताच माझं निम्मं निदान झालं.

आता आत्या साखर सोड म्हणणार, असं तुला वाटलं असेल. कराडच्या चहूबाजूंनी ऊस उभा असताना मी पेशंटांना साखर सोडा म्हणाले तर ते तोंडावर हो म्हणतील आणि बाहेर जाऊन उसाचा रस पितील. तुलाही तसं सांगत नाही. दाताच्या दृष्टीनं किती साखर खाल्लीस यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंडात घातलीस, याला जास्त महत्त्व आहे.

याचं कारण नीट समजून घे. दातावर सतत एक चिकट थर धरत असतो, त्याच्यात जंतू असतात. आपण गोड खाल्लं की ते जंतूही खातात आणि आम्ल सोडतात. काही मिनिटांतच त्या थराचा पीएच ५.५ च्या खाली जातो, आणि त्याखाली दाताचं एनॅमल विरघळायला लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुते, मारते, आणि तिच्यातलं कॅल्शियम व फॉस्फेट एनॅमलमध्ये परत भरतं. याला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. एवढा वेळ मिळाला तर दात आपला आपण सावरतो. तुझ्या तोंडाला तो मिळतच नाही. फ्लास्कमधला एक कप तू घोट घोट करत दोन तास पुरवतोस, म्हणजे दोन तास आम्ल चालू. चार कप प्यायचे तर चार पी बाबा, पण प्रत्येक कप बसल्या बैठकीला संपव आणि वर पाण्यानं खळखळून चूळ भर.

हे पुस्तकी नाही. स्वीडनमध्ये लुंड गावात विपेहोल्म नावाचं मतिमंद रुग्णांचं इस्पितळ होतं. तिथं १९४५ ते १९५५ या काळात रुग्णांना ठरवून वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली. ज्यांना ती जेवणाबरोबर मिळाली त्यांच्या दातांना कीड फारशी वाढली नाही. ज्यांना मधल्या वेळी चिकट टॉफ्या दिल्या, त्यांचे दात भराभर किडले. त्या माणसांना नाही म्हणता येत नव्हतं, त्यांना कुणी विचारलंही नाही. तो प्रयोग आज कुठलीही समिती मान्य करणार नाही आणि करूही नये. पण त्यातून जे कळलं ते खरं ठरलं. पुढं स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची पद्धत पडली. मला ती फार शहाणपणाची वाटते. एका दिवशी पोटभर खा, बाकीचे दिवस दातांना मोकळे.

खारी गोड नसते म्हणून तू तिला निरुपद्रवी समजत असशील. तिचा मैदा दाढेच्या खाचांत लगदा होऊन बसतो आणि तिथं त्याचीही साखरच होते. बिस्किट, वेफर्स, शेव, सगळ्यांचं हेच. मधल्या भुकेला शेंगदाणे-फुटाणे ठेव. चिक्की मात्र नको, ती गुळासकट चिकटते.

आता तुझं लिंबूपाणी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुझी कळ बहुधा इथूनच आली आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-सव्वादोनच्या आसपास असतो. इथं जंतूंची गरजच नाही, रस स्वतःच एनॅमल मऊ करतो. कच्च्या कैऱ्या खाल्ल्यावर दात आंबतात ना, तो तोच प्रकार. थांबलास तर लाळ ते एनॅमल पुन्हा कडक करते. तू थांबत नाहीस. मऊ पडलेल्या थरावर तू कडक ब्रश घेऊन आडवा घासतोस, म्हणजे ओल्या गिलाव्यावर पत्रा फिरवतोस. एनॅमल शरीरातली सगळ्यांत कठीण वस्तू आहे हे खरं, पण त्यात जिवंत पेशी नाहीत. हाड मोडलं तर जुळून येतं, झिजलेलं एनॅमल परत येत नाही.

तू एक कर. आरशासमोर उभा राहून डावीकडचा वरचा सुळा आणि त्याच्यामागचे दोन दात यांच्या मुळाशी, हिरडीला लागून, नख उभं फिरव. नख कुठं अडलं तर तिथं खाच पडली आहे. उजव्या हातानं जोर लावून आडवं घासणाऱ्यांना डावीकडं ही खाच जास्त दिसते, कारण त्या बाजूला हात मोकळा चालतो आणि जोरही बसतो. खाचेखालचा भाग पिवळसर असतो, त्यात बारीक नळ्या असतात, आणि गार पाण्याची कळ त्यातून थेट नसेपर्यंत पोचते. तुझी ती पेस्ट नळ्यांची तोंडं काही काळ बुजवते, कळ कमी होते. घासणं तेच राहिलं तर खाच वाढतच जाणार.

म्हणून लिंबूपाणी प्यायचंच असेल तर आधी ब्रश, मग लिंबूपाणी, मग साधी चूळ. कोकम सरबत, सोडा, कोला, सगळ्यांना हाच नियम: नंतर निदान अर्धा तास ब्रश नको. ब्रश मऊ केसांचा घे. मूठ आवळून धरू नकोस, पेनासारखा बोटांत धर, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. केस हिरडीकडं तिरपे टेकव आणि छोट्या गोल हालचाली कर. दोन मिनिटं पुरतात. कोळशाची काळी पेस्ट आणि लाल मंजन हॉस्टेलवर फिरत असेल, त्याला हात लावू नकोस. त्यातल्या खरखरीत कणांनी दात चमकतात ते झिजल्यामुळं. ट्यूबच्या मागं फ्लोराइड लिहिलंय का ते वाच, हजार पीपीएमच्या आसपास हवं. वनस्पतींची चित्रं छापलेल्या कितीतरी ट्यूबांत ते नसतंच.

फ्लोराइडवरून आठवलं. तुझा यवतमाळचा रूममेट, ज्याच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत म्हणून तुम्ही त्याला चिडवता, ते बंद करा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार असतं. लहानपणी दात हिरडीखाली तयार होत असताना असं पाणी प्यायलं की ते डाग दातातच घडतात. तो तुझ्यापेक्षा नीट ब्रश करत असेल. तेच फ्लोराइड पेस्टमधून दाताला वरून थोडंसं लागलं की कीड रोखतं. मात्रेचा खेळ आहे सगळा.

रात्रीचा ब्रश हा माझा हट्ट समज. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून फ्लास्कमधल्या शेवटच्या चहाची साखर रात्रभर तुझ्या दाढांत राज्य करते. सकाळचा ब्रश चुकला तर तोंडाला वास येईल, रात्रीचा चुकला तर दात जाईल. रात्री ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाक, पाण्यानं धुऊन काढू नकोस. थोडं फ्लोराइड दातावर राहू दे.

हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश थांबवू नकोस. बहुतेक वेळा ते किटण साठल्यामुळं येतं. क्लिनिंग केल्यावर दात हलायला लागतात ही गावभर पसरलेली समजूत आहे. दात आधीच सैल झालेला असतो, किटणानं त्याला धरून ठेवलेलं असतं, इतकंच. दाढ ठणकली तर गोळी पाण्याबरोबर गीळ, हिरडीवर दाबून ठेवू नकोस. ॲस्पिरिननं हिरडी भाजून आलेले पेशंट मी पाहिलेत. पुडी दातानं फाडणं, बाटलीचं झाकण उघडणं, पेनचं टोपण चावणं, हे सगळं आजच बंद.

तंबाखूबद्दल तुला सांगायची वेळ येऊ नये. तुझी आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती मिश्री रोज सकाळी बोटानं हिरड्यांवर फिरवायची. दात स्वच्छ होतात म्हणून सुरू केलं, मग ती लावल्याशिवाय तिला चूल पेटवायला सुचेना. पन्नाशीत तिच्या मागच्या दाढा हलत होत्या. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तुमच्या टपरीवर तो मिळतो, हेही मला ठाऊक आहे. मित्रांपैकी कुणी खात असेल तर त्याला तोंड उघडून तीन बोटं उभी घालायला सांग. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय, त्याला लगेच सरकारी दंत महाविद्यालयात घेऊन जा. तिथं केसपेपर काढून तपासतात, खर्चाची भीती धरायचं कारण नाही.

पूर्वपरीक्षा झाली की दोन दिवस काढून ये. खाच असली तर ती भरून घेऊ, एका बैठकीत होतं, इंजेक्शनसुद्धा बहुधा लागत नाही. मागच्या दाढांचा एक्स-रेही काढीन. दोन दाढांच्या मधली कीड वरून दिसत नाही, आणि ती नसेपर्यंत पोचली की रूट कॅनाल, वर कॅप, म्हणजे खर्च कितीतरी पटींनी वाढला. मंगळवार सोडून ये, त्या दिवशी दवाखाना बंद असतो. येताना आत्ता वापरतोयस तोच ब्रश घेऊन ये, नवा घेऊन येऊ नकोस. महिन्याभरात त्याचे केस दोन्हीकडं फाकले असतील तर तू किती जोर लावतोस ते मला तुला विचारावं लागणार नाही.

तुझी,
आत्या