‘रामदास’ बोटीची स्मृती : तारीख आणि तिथी

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. लाटेच्या तडाख्याने बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूस लोटले गेले आणि काही क्षणांतच सारे संपले. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईला दुपारपर्यंत या घटनेचा पत्ता नव्हता. खबर आणली ती पोहून निघालेल्यांनी आणि त्यांना वाचविणाऱ्या कोळ्यांनी. म्हणजे या दुर्घटनेची पहिली संहिता मौखिकच आहे. छापील वृत्त नंतरचे. स्मृतीच्या अभ्यासात हा क्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुर्घटनेनंतर अवघ्या २९ दिवसांनी देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्य आणि फाळणी यांच्या प्रचंड गदारोळात ‘रामदास’ इतिहासग्रंथांच्या पानांवरून मागे सरली, यात नवल नाही. तथापि रायगडच्या किनाऱ्यावरील घरांतून ती मागे सरली नाही. याचे एक कारण दुःखाच्या तीव्रतेइतकेच कालगणनेत शोधावे लागते. तो दिवस आषाढ अमावस्येचा होता. मुंबईत कामधंद्याला असलेली माणसे सणासाठी गावाकडे निघाली होती. तारीख कागदावर राहते. तिथी मात्र दरवर्षी घरात येते. ज्या घरातून माणूस गेला तेथे दिव्यांची अवस आली की आठवण निघणारच, १७ जुलै कोणाच्या ध्यानात असो वा नसो.

तारीख आणि तिथी एरवी एकमेकींपासून दूर सरकतात. १९४७ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून ही अमावस्या जुलैच्या मध्यास पडली. ७६ वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा अधिक श्रावण आला आणि आषाढ अमावस्या नेमकी १७ जुलैलाच होती. मधल्या बहुतेक वर्षांत वृत्तपत्रांतील स्मरणलेखाचा दिवस आणि घरातील स्मरणाचा दिवस वेगळे होते. मुलाखती घेणाऱ्याने निवेदकाच्या तोंडची तिथी परस्पर तारखेत बदलून टिपली, तर हा भेदच पुसला जातो.

याच संदर्भात ‘गटारी’ या शब्दाचाही विचार करावा लागतो. अलीकडच्या लेखनात त्या दिवसाचा उल्लेख सर्रास ‘गटारी अमावस्या’ असा होतो. शब्द लोकांचाच आहे. पण त्यातील मौजमजेची, मद्यपानाची छटा नकळत मृतांवर चढते आणि घरी निघालेला गिरणी कामगार चैनीला निघालेला ठरतो. ‘दीप अमावस्या’ म्हटल्याने सगळे चित्रच पालटते. नामकरण हेही कथनच असते.

तुलनेसाठी गुजराती परंपरेतील ‘वीजळी’ घ्यावी. ‘वैतरणा’ ही आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी, कार्तिक शुद्ध पंचमीस, कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोकांनी तिला दिलेले नाव टिकले, अधिकृत नाव मागे पडले. झवेरचंद मेघाणींनी संकलित केलेल्या लोकगीताने कप्तान हाजी कासम याला तिच्या स्मृतीच्या केंद्रस्थानी आणले. ‘वीजळी’तून सांगायला कोणी परतलेच नाही, गीताने ती पोकळी भरून काढली. ‘रामदास’मधून मात्र माणसे परतली होती. म्हणून तिची स्मृती मुख्यतः गद्य आणि प्रथमपुरुषी राहिली, आणि ती सांगणाऱ्याच्या आयुष्याशी बांधली गेली. गीत पिढ्यान्‌पिढ्या गळ्यातून गळ्यात जाते. साक्षीला तशी सोय नाही.

१९४७ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे. वाचलेल्यांची कथने जितकी टिपता येतील तितकी टिपली पाहिजेतच. पण त्यांच्या मुलांनी, सुनांनी, शेजाऱ्यांनी ऐकून सांगितलेली कथनेही दुय्यम म्हणून बाजूला ठेवू नयेत. त्यांत मृतांचे आकडे वाढतील, लाटेची उंची वाढेल, बोटीची वेळ बदलेल. संपादकाने ते पाठ दुरुस्त न करता, कोणी, कोणत्या गावी, कोणत्या निमित्ताने सांगितले, या नोंदीसह जसेच्या तसे ठेवावेत.