बॉनेटखालचा मळ आणि त्याचे रसायन

मोटार बाहेरून धुऊन पुसून लख्ख करणारे पुष्कळ असतात. पण बॉनेट उचलून आतले इंजिन साफ करणारे थोडेच. 'आत कोण पाहतो?' असा त्यामागचा विचार असतो. परंतु इंजिनावरचा मळ हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. तो उष्णता अडवतो, गळती झाकून ठेवतो आणि तेलकट असल्यामुळे अतिशय तापलेल्या भागावर पेटूही शकतो. उलट, घाईने पाण्याचा जोरदार फवारा मारला, तर चांगली चालणारी गाडी बंद पडते. तेव्हा मळ कशाचा आहे आणि तो कशावर बसला आहे, हे आधी ओळखावे व मगच हात लावावा. विद्यार्थी मित्रांनो, या कामात तुमच्या पाठ्यपुस्तकातील कितीतरी धडे उपयोगी पडतात.

मळ तीन प्रकारचा

पहिला प्रकार कोरड्या धुळीचा. ती हवेबरोबर येते आणि नुसत्या ब्रशने निघते.

दुसरा प्रकार तेलकट थराचा. इंजिनाचे भाग जेथे एकमेकांना जोडलेले असतात, तेथे मध्ये गॅस्केट बसवलेली असते. इंजिन रोज तापते आणि निवते. धातू प्रसरण पावतो व आकुंचन पावतो. वर्षानुवर्षे असे होत राहिले की सांध्यातून वंगण तेल किंचित पाझरू लागते. त्यावर धूळ बसते. केशाकर्षणामुळे तेल धुळीच्या कणांमधून वर चढते, वरची धूळ ओली होते आणि तिच्यावर आणखी धूळ चिकटते. उष्णतेने तेलातील हलके घटक उडून जातात, हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन उरलेले तेल दाट होते आणि शेवटी डिंकासारखा चिवट थर तयार होतो. कोकणात तो तांबूस दिसतो, तर देशावर काळपट. कारण धूळ त्या त्या मातीची असते.

तिसरा प्रकार बॅटरीच्या अग्रांवर दिसणाऱ्या पांढऱ्या किंवा निळसर भुकटीचा. हा मळ बाहेरून आलेला नसून तेथेच रासायनिक क्रियेने तयार झालेला असतो. म्हणून त्याचा उपायही वेगळा आहे.

नुसते पाणी का चालत नाही?

पाण्याच्या रेणूत एका टोकाला किंचित धन व दुसऱ्या टोकाला किंचित ऋण प्रभार असतो. त्यामुळे हे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. तेलाचे रेणू तसे नसतात. म्हणून पाणी तेलकट पृष्ठावर पसरत नाही, थेंब होऊन ओघळून जाते. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साबण किंवा अपमार्जक घातल्यावर तो निम्म्याच्या आसपास येतो आणि पाणी बारीक फटीतही शिरते.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ असणारे, तर त्याची कार्बन अणूंची लांब शेपटी तेलाकडे ओढ असणारी असते. असंख्य शेपट्या तेलाच्या कणात रुततात, डोकी बाहेर पाण्यात राहतात आणि तेलाचा कण सुटून पाण्यात तरंगू लागतो. विहिरीचे पाणी कठीण असेल तर साबणाचा चोथा होतो. अपमार्जकाचा तसा होत नाही. म्हणून या कामाला भांडी घासण्याचा द्रव साबण सोयीचा. नावात साबण असला, तरी तो बहुधा अपमार्जकच असतो.

'तेलाने तेल निघते, मग पेट्रोल वापरले तर?' असे कोणी विचारील. तेल पेट्रोलमध्ये चटकन विरघळते हे खरे. पण पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांखालीही ठिणगीने पेटू शकते. पूर्वी गॅरेजमध्ये रॉकेल वापरीत. ते सुमारे ३८ अंशांना पेटण्याजोगी वाफ देते, आणि तापलेले इंजिन त्याहून कितीतरी गरम असते. शिवाय असे विद्रावक रबराच्या नळ्यांत शिरून त्यांना फुगवतात. कॉस्टिक सोडाही वापरू नये. आजच्या इंजिनांत ॲल्युमिनियम पुष्कळ असते. कॉस्टिक सोडा त्याला खातो आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो.

कामाची तयारी

हे काम घरातील जाणत्या माणसाबरोबरच करावे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी करावी आणि किल्ली काढून घ्यावी. काही गाड्यांत रेडिएटरचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.

इंजिन पूर्ण निवू द्यावे. रेडिएटरमधील पाणी ९० अंशांच्या आसपास तापते आणि दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांनंतरही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले तर दाब एकदम उतरतो, पाणी तत्क्षणी उकळते आणि तोंडावर उडते. गरम धातूवर थंड पाणी ओतणेही वाईट. एक भाग झटकन आकसतो, शेजारचा तसाच राहतो आणि तडा जाण्याची भीती असते.

आता बॅटरी सोडवायची. कोणते अग्र आधी? जवळजवळ सर्व गाड्यांत ऋण अग्र गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. धन अग्राचा नट आधी सैल करताना पाना चुकून सांगाड्याला लागला, तर त्यातून प्रचंड विद्युतप्रवाह वाहतो व ठिणगी उडते. म्हणून ऋण अग्र आधी सोडवावे आणि जोडताना शेवटी जोडावे. हातातली अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. नव्या गाडीत बॅटरी सोडवण्यापूर्वी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहावी.

हवागाळणीचे तोंड, विजेचे जोड, अल्टरनेटर, फ्यूजची पेटी व इंजिन-नियंत्रक संगणक प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकावेत. शुद्ध पाणी विजेचे दुर्वाहक असले, तरी नळाच्या पाण्यात क्षार असतात. ते जोडात शिरले की वीज भलत्या वाटेने वाहते व तांब्याचे क्षरण होते. फवाऱ्याचे पाणी दाबाने रबरी सीलच्याही आत घुसते. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीतील नारिंगी आवरणाच्या तारांत उच्च दाबाची वीज असते. अशा गाडीचे हे काम घरी करू नये.

प्रत्यक्ष सफाई

कोरडी धूळ मऊ ब्रशने वरून खाली झाडावी. मग एका बादलीत कोमट पाणी व थोडा द्रव साबण, तर दुसरीत साधे पाणी घ्यावे. फडके साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि तेलकट भागावर पाच मिनिटे दाबून ठेवावे. साबणाच्या रेणूंना आत शिरायला वेळ लागतो. नंतर दात घासण्याच्या जुन्या ब्रशने घासावे व साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसावे. जाड थर आधी लाकडी पट्टीने खरवडावा. लोखंडी पट्टीने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. फिरणाऱ्या पट्ट्याला साबण लागू देऊ नये. तो घसरू लागतो. ब्रेकच्या तेलाचे झाकण घट्ट असावे, कारण हे तेल पाणी शोषून घेते आणि सांडले तर रंगही उखडते.

बॅटरीसाठी हातमोजे व चष्मा आवश्यक. बॅटरीत सहा घट असून त्यांत सौम्य सल्फ्यूरिक आम्ल असते. त्याचे सूक्ष्म तुषार बाहेर येऊन धातूवर लेड सल्फेट व कॉपर सल्फेट तयार होतात. निळी छटा तांब्याची. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ब्रशने लावावा. फसफस होते ती अशी:

सोडियम बायकार्बोनेट + सल्फ्यूरिक आम्ल → सोडियम सल्फेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

फसफस थांबली की आम्ल संपले. मात्र घटांची झाकणे बंद हवीत. सोडा आत गेला तर आतले आम्लही उदासीन होईल. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो ठिणगीने स्फोट पावतो. म्हणून जवळ काडी ओढू नये.

शेवटी सारे कोरड्या फडक्याने पुसावे, पिशव्या काढाव्यात आणि बॉनेट तासभर उन्हात उघडे ठेवून मगच बॅटरी जोडावी.

खरे फळ आठ दिवसांनी

स्वच्छ इंजिन बोलू लागते. आठ दिवसांनी पुन्हा बॉनेट उघडून पाहा. एखाद्या सांध्याखाली तपकिरी ओघळ दिसला तर वंगण गळते आहे. हिरवा, लाल किंवा निळा डाग रेडिएटरच्या द्रवाचा असू शकतो. तो विषारी असतो, चाखून पाहू नये. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवावे. मळाच्या थराखाली या खुणा कधीच दिसल्या नसत्या.

उरलेल्या पाण्याचे काय?

अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतले. ते सुमारे अर्धा एकर पसरले व तेथील लाटा शांत झाल्या. गणित करा: ५ घन सेंटिमीटर तेल २,००० चौरस मीटरवर पसरले, तर थराची जाडी मिलिमीटरचा सुमारे चार लाखावा भाग येते! इंजिनाचे तेल इतके पातळ पसरत नाही. तरीही नाल्यात गेलेला त्याचा तवंग पाण्यात ऑक्सिजन मिसळू देत नाही. फडक्याने काम केल्याचा फायदा येथे दिसतो. दोन बादल्यांत भागते आणि बहुतेक तेल फडक्यात राहते. खरवडलेला मळ व तेलकट चिंध्या घरच्या कचऱ्यात न टाकता, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्याव्यात.

करून पाहा

१. दोन स्टीलच्या ताटल्यांना खोबरेल तेल लावून त्यावर बारीक माती भुरभुरवा. एक पाण्याने, दुसरी साबणाच्या पाण्याने धुवा. पाच मिनिटे भिजवल्यास काय फरक पडतो?

२. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमक्ष, एक रबरबँड रॉकेलमध्ये व एक साबणाच्या पाण्यात दिवसभर ठेवा. आधी व नंतर लांबी मोजा.

३. विचार करा: बॅटरी जोडताना ऋण अग्र शेवटी का? आकृती काढून उत्तर लिहा.