तेल बंद केलं, तरी यकृतात चरबी कशी?

"डॉक्टर, सहा महिने तळलेलं बंद आहे, तूप तर घरात येतच नाही. मग हे 'फॅटी लिव्हर' कुठून आलं?" पंचेचाळिशीच्या एका गृहस्थांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला.
"चहा किती वेळा?"
"पाच-सहा."
"साखर?"
"दोन-दोन चमचे."

म्हणजे रोज जवळपास ५० ग्रॅम साखर, नुसत्या चहातून! जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं उत्तम मानते.

चरबी फक्त ताटातून येत नाही, शरीर ती स्वतःही बनवतं आणि यकृत हा तिचा मुख्य मुदपाकखाना. जेवणातली साखर आधी ग्लायकोजेन म्हणून साठते: यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. ही कोठारं भरलेली असताना वर आणखी साखर आली, की इन्शुलिनच्या हुकमाने यकृत तिचं मेदाम्लांत रूपांतर करतं. साखरेतल्या फ्रुक्टोजचा मोठा भार तर थेट यकृतावरच पडतो.

इतर अवयवांचाही यात वाटा असतो. आतडं खाल्लेल्या तेल-तुपाचे पचलेले कण पुन्हा जोडून रक्ताकडे पाठवतं. पोटावरच्या चरबीच्या पेशी स्वतः थोडीच चरबी बनवतात. त्यांचं खरं काम साठवणीचं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनग्रंथी बाळासाठी दुधातली चरबी तयार करतात. त्वचेचा तेलकटपणासुद्धा तिथल्या ग्रंथींनी घडवलेलाच.

आणि स्नायू? ते साखर खर्च करणारे. बैठ्या माणसाचे स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात आणि त्यांच्या वाटची साखर यकृताच्या गळ्यात पडते.

म्हणून तेल कमी केलंत, चांगलंच झालं. पण चहातली साखर, थंड पेयं, बिस्किटं आणि उपासाच्या नावाखाली वाटीवर वाटी साबुदाणा खिचडी यांनाही आवर घाला. रोज अर्धा तास भरभर चाला. दारू पीत असाल तर सोडा. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवा. ८० किलोच्या माणसाने सहा-आठ किलो कमी केले तरी यकृतातली चरबी बरीच ओसरते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आहारातला मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन याल, तेव्हा तेलाच्या बुधलीबरोबर साखरेच्या डब्याचाही हिशेब आणा.