आनंद कोणाचा? 'डिलाइटफुली' या क्रियाविशेषणाचा अर्थ आणि उपयोग



'शी सँग डिलाइटफुली' या वाक्याचे भाषांतर 'ती आनंदाने गायली' असे केलेले उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे. भाषांतर मात्र चुकले आहे. मराठीतील 'आनंदाने' हे रूप कर्त्याची मनःस्थिती सांगते. मूळ इंग्रजी वाक्यात गाणारीच्या मनाविषयी काहीच म्हटलेले नाही. तिचे गाणे ऐकणाऱ्याला सुखावणारे होते, एवढेच त्यात सांगितले आहे. म्हणून 'ती फार गोड गायली' हे भाषांतर मुळाच्या अधिक जवळ जाते.

गायिकेला स्वतःला हर्ष झाला असेल, तर इंग्रजीत 'डिलाइटेडली' हे निराळे क्रियाविशेषण येते. दोहोंतील भेद घडणीतच आहे. 'डिलाइटफुल' म्हणजे आनंद देणारे, 'डिलाइटेड' म्हणजे आनंद झालेला. आपल्याकडे 'मोहक' आणि 'मोहित' या तत्सम शब्दांत नेमका हाच फरक आहे: एक मोह पाडतो, दुसऱ्याला मोह पडतो. 'हसणे' या क्रियापदाबरोबर इंग्रजीतील दोन्ही क्रियाविशेषणे चालतात; तेव्हा 'ती मोहकपणे हसली' आणि 'ती हर्षभराने हसली' ही दोन भाषांतरे शेजारी ठेवून पाहा.

शब्दाचे मूळही हेच सुचवते. लॅटिनमधील 'डेलेक्टारे' म्हणजे मोहविणे, सुख देणे. तेथून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. मध्ययुगीन इंग्रजीत तो 'डिलीट' असा होता. 'लाइट' म्हणजे प्रकाश, या शब्दाच्या प्रभावाने त्याचे लेखन पुढे बदलले. प्रकाशाशी त्याचे व्युत्पत्तीने काही नाते नाही, हे जाता जाता ध्यानात ठेवावे.

खरी अडचण हे क्रियाविशेषण विशेषणाआधी आले की उभी राहते. 'डिलाइटफुली कूल' याला 'आनंददायकपणे थंड' म्हणणे व्याकरणाने खपेल, कानाला खपणार नाही. मराठी अशा वेळी रचनाच बदलते: 'सुखद गारवा', 'हवीहवीशी थंडी'. क्रियाविशेषणाचे विशेषण झाले आणि विशेषणाचे नाम, तरी अर्थ शाबूत राहिला. शब्दाला शब्द न देता शब्दजातीची अदलाबदल करणे ही भाषांतरकाराची पळवाट नव्हे. मराठीची ती प्रकृती आहे. 'डिलाइटफुली व्हेग' मध्ये तर बहुधा सौम्य थट्टाही असते. तेथे 'मोठे गमतीदार मोघम' असे काही सुचते का, ते संदर्भ पाहून ठरवावे.

स्वयं-अध्ययन: पुढील वाक्यांचे भाषांतर करा. प्रत्येक ठिकाणी आनंद कोणाचा, हे आधी समासात लिहा.
१. द चाइल्ड क्लॅप्ड डिलाइटेडली.
२. द स्टोरी इज डिलाइटफुली सिंपल.
३. ही स्माइल्ड डिलाइटेडली ॲट द लेटर.