जितकी थंड भट्टी, तितकी स्वच्छ?

वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाटात हिवाळ्यात घरोघरी पेटवलेल्या लाकडांचा धूर दरीत साचतो. धूर दिसतो, ज्वलनातले नायट्रोजन ऑक्साइड दिसत नाहीत. मोठ्या भट्टीत ते कसे आवरतात?

साधारण १५०० अंश सेल्सिअसवर हवेतल्याच नायट्रोजनचा ऑक्सिजनशी वेगाने संयोग होतो. फ्लुइडाइज्ड बेड भट्टीत खालून हवा सोडल्याने तापलेली वाळू पिठल्यासारखी खदखदते आणि इंधन सुमारे ८५० अंशांवरच जळते. त्यामुळे हा मार्ग जवळजवळ बंद होतो.

उरतो इंधनातला नायट्रोजन. म्हणून खालून हवा कमी देतात, बाकीची वरून. ऑक्सिजन अपुरा असला की निखारे नायट्रिक ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिरावतात. निरुपद्रवी नायट्रोजन उरतो.

मात्र कोळशाची भट्टी आणखी थंड केली, तर नायट्रस ऑक्साइड वाढतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट तापमानवाढ करतो. म्हणून तापमानाचा तोल सांभाळावा लागतो.