रानडेत प्रवेश मिळाला, खर्चाचं काय?

प्रश्न : मला पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेच्या एम.ए.ला प्रवेश मिळतोय. वडील शेतकरी, आम्ही खुल्या प्रवर्गातले. शिष्यवृत्ती मिळेल का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : केवळ पत्रकारितेसाठीची मोठी शिष्यवृत्ती शोधत बसू नका, फीचा भार हलका होतो तो सर्वसाधारण योजनांमुळेच. महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती पाहा. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख रुपये आहे. तुमचा अभ्यासक्रम यादीत आहे का, हे विभागाच्या कार्यालयात आधीच विचारा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला गावाहून निघतानाच आणा. ऐन सप्टेंबरात त्यासाठी बार्शीला हेलपाटे घालणं परवडत नाही.

अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बहुधा बँकेपाशी. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते आणि ते खातं कधीकधी शाळेत असताना काढलेलं, बंद पडलेलं निघतं. बँकेत जाऊन आधी खात्री करा.

राहण्या-जेवणाचा प्रश्न वेगळा. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आहे. 1955पासून ग्रामीण मुलामुलींसाठी काम करणाऱ्या विद्यार्थी सहायक समितीच्या वसतिगृहासाठीही अर्ज करा. तिथे मुलाखत होते, तेव्हा निकालाची वाट न पाहता आजच चौकशी करा.