चढउतारावर वाहन उभे करताना

कोकण आणि देश यांच्या मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. कसारा, खंडाळा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली अशा घाटांतून रात्रंदिवस वाहनांची ये-जा चालू असते. घाटात वाहन कसे चालवावे याविषयी चालक सहसा जागरूक असतो. वळणावळणावरचे फलकही त्याला सावध करतात. परंतु एंजिन बंद करून, दार लावून चालक खाली उतरला की वाहन सुरक्षित झाले अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. ही समजूत किती धोक्याची आहे याची जाणीव करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी दौऱ्यावर असताना प्रस्तुत लेखकाने पाहिलेला एक प्रसंग येथे नमूद करणे उचित होईल. डोंगराच्या कुशीतील एका गावी शाळेच्या वरच्या अंगास एक जीप उभी होती. आम्ही व्हरांड्यात बसून अर्धा तास झाला असेल-नसेल, तोच ती जीप कोणाचाही हात न लागता मागे सरकू लागली आणि मैदान ओलांडून पलीकडच्या बांधाला अडली. मधली सुट्टी नुकतीच संपून मुले वर्गात गेली होती, म्हणून नुकसान एका दिव्यावर निभावले. धावत आलेला चालक पुन:पुन्हा सांगत होता, "साहेब, हँडब्रेक लावला होता." त्याचे म्हणणे खरे होते. हँडब्रेक लावला होता. पण केवळ हँडब्रेकच लावला होता.

उताराची ओढ

उतारावर उभे असलेले वाहन विश्रांती घेत नसते; ते सतत खाली ओढले जात असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगराळ भागातील रस्त्यांचा चढ सर्वसाधारणपणे २० मीटर अंतरास १ मीटर इतका ठेवला जातो. अशा रस्त्यावर १,५०० किलो वजनाच्या जीपला खाली ओढणारा जोर सुमारे ७५ किलो वजनाइतका असतो. वाड्यावस्त्यांकडे जाणारे अनेक रस्ते याहून खडे असतात. १० मीटरला १ मीटर चढ असेल, तर हाच जोर १५० किलोवर जातो. अशा उतारावरून सुटलेले वाहन पन्नास मीटर अंतरात ताशी सुमारे ३० किलोमीटर वेग गाठू शकते. मग ते हातांनी थोपविण्याचा प्रयत्न करणे म्हणजे स्वत:चा जीव धोक्यात घालणे होय.

एकट्या हँडब्रेकवर भिस्त नको

बहुतेक मोटारी व जीपगाड्यांत हँडब्रेकची दांडी एका तारेने मागच्या चाकांच्या ब्रेकशी जोडलेली असते. वापराने ही तार ताणली जाते, ब्रेकचे लायनिंग झिजते आणि दांडी पूर्वीइतकीच ओढली तरी पकड कमी पडते. रिकाम्या गाडीला धरून ठेवणारा ब्रेक भरलेल्या गाडीला धरीलच असे नाही. ज्या गाड्यांच्या मागच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात, त्यांत आणखी एक बारकावा आहे. लांबलचक घाट उतरून आल्यावर ब्रेकची चकती तापलेली असते. ती थंड होताना किंचित आकुंचन पावते आणि पकड सैल होण्याचा संभव असतो. म्हणूनच उभे केल्यावर स्थिर वाटणारे वाहन काही वेळाने आपोआप सरकल्याची उदाहरणे घडतात.

गिअर हा दुसरा अटकाव

हाताने गिअर बदलावयाच्या वाहनात चालकाच्या हाती आणखी एक साधन असते, ते म्हणजे एंजिन. बंद एंजिन गिअरद्वारे चाकांशी जोडलेले राहिले, तर चाकांना फिरताना एंजिनही फिरवावे लागते आणि सिलिंडरमधील हवा दाबण्यास लागणारा जोर त्यांना अडवतो. पहिल्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होण्यास एंजिनचे सुमारे पंधरा फेरे व्हावे लागतात; चौथ्या गिअरमध्ये हेच प्रमाण चार-पाच फेऱ्यांवर येते. वरच्या गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीला एंजिनचा अटकाव अपुरा पडतो, तो याच कारणाने.

नियम सोपा आहे. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर आणि तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकावा. असे केल्याने घसरू पाहणाऱ्या गाडीला एंजिन उलट्या दिशेने फिरवावे लागते, आणि ते चुकूनही सुरू होण्याची भीती उरत नाही. तथापि गिअर हा हँडब्रेकचा जोडीदार आहे, त्याचा पर्याय नव्हे.

चाके कोणीकडे वळवावीत?

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या कडेस उभी केली जातात. तोंड उताराकडे असताना पुढची चाके डावीकडे, म्हणजे कडेच्या बाजूस वळवावीत. तोंड चढाकडे असून कडेला पदपथाची उंच कड असेल, तर चाके उजवीकडे वळवावीत. गाडी मागे सरकलीच तर पुढचे चाक त्या कडेला टेकून थांबते. कड नसेल, तर चढावरही चाके डावीकडेच वळवावीत. मग गाडी घसरली तरी ती वाहत्या रस्त्यावर न येता बाजूला जाते.

परंतु हा नियम घाटात डोळे मिटून पाळता येत नाही. डाव्या बाजूस डोंगर असेल तर तो गाडीला अडवील. डाव्या बाजूस दरी असेल तर हाच नियम गाडीला दरीत नेईल. यास्तव दरीच्या बाजूस गाडी सोडून जाऊच नये. थोडे पुढे जाऊन सपाट जागा किंवा डोंगराची बाजू गाठावी. बिघाडामुळे तेथेच थांबणे भाग पडले, तर चाके दरीकडे न वळविता प्रथम चाकांखाली दगड लावावेत आणि मगच पुढील व्यवस्था पाहावी.

दगड : जुनी युक्ती, आजही मोलाची

चढावर बैलगाडी थांबली की चाकामागे दगड सारावा, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. मोटारीच्या बाबतीतही ही युक्ती तितकीच उपयुक्त आहे. दगड वा लाकडी ठोकळा चाकाच्या उताराकडील अंगास, टायरला घट्ट भिडवून ठेवावा. गोल गोटा घरंगळतो. म्हणून सपाट बुडाचा, पाचरीच्या आकाराचा ठोकळा गाडीतच बाळगणे उत्तम.

येथे एका सवयीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. काम संपताच गाडी निघून जाते आणि दगड रस्त्यावरच राहतो. रात्रीच्या अंधारात किंवा पावसाळी धुक्यात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तोच दगड जीवघेणा ठरू शकतो. ज्याने दगड लावला त्यानेच तो उचलून कडेला टाकावा, ही साधी माणुसकी आहे.

कृतीचा क्रम

गाडी थांबविताना पायाचा ब्रेक दाबून धरावा आणि गाडी पूर्ण थांबण्यापूर्वीच चाके योग्य दिशेस वळवावीत. नंतर हँडब्रेक पूर्ण ओढावा, एंजिन बंद करावे, क्लच दाबून योग्य तो गिअर टाकावा व क्लच सोडावा. सर्वांत शेवटी पायाचा ब्रेक हळूहळू सोडून गाडी हलत नाही ना, हे पाहावे आणि मगच उतरावे. उतरल्यावर दगड लावावा. निघताना हँडब्रेक व गिअर कायम ठेवून दगड काढावा, मग आसनावर बसावे. पायाचा ब्रेक व क्लच दाबल्यावाचून एंजिन सुरू करू नये. दगड काढणाऱ्याने गाडीच्या उताराकडील बाजूस कदापि उभे राहू नये. बाजूने हात घालून तो काढावा. गाडीत लहान मुलांना एकटे सोडू नये, कारण खेळता खेळता हँडब्रेक सोडणे किंवा गिअरची दांडी हलविणे त्यांना सहज जमते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बाबतीत दक्षता अधिक हवी. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडून मगच पार्किंगची अडकण लावावी. ट्रॉलीच्या चाकांना स्वतंत्र दगड लावावेत.

कायदा आणि गावाची जबाबदारी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ अन्वये, चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसेल तर यंत्रणा बंद करून ब्रेक लावल्याशिवाय, किंवा वाहन आपोआप चालू होणार नाही अशी अन्य तजवीज केल्याशिवाय, ते सार्वजनिक ठिकाणी उभे ठेवता येत नाही. इतरांना धोका वा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन सोडून जाण्यास कलम १२२ मनाई करते.

तथापि प्रत्येक उतारावर शिपाई उभा करता येत नाही. येथे स्थानिक पुढाकाराचे महत्त्व आहे. वाडीरत्नागिरीचा जोतिबा किंवा नांदुरीजवळचा सप्तशृंगगड यांसारख्या डोंगरावरील यात्रास्थळी वाहनांची गर्दी होते. गावोगावच्या लहान यात्रा व आठवडे बाजारही उतारावर भरतात. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीने वाहनांसाठी सपाट जागा आखून द्यावी आणि काही लाकडी ठोकळे हाताशी ठेवावेत. टंचाईच्या दिवसांत टँकर उतारावर उभा राहतो आणि घागरी घेऊन माणसे नेमकी त्याच्या मागे रांग लावतात. ही रांग टँकरच्या बाजूस, चढाच्या अंगाला लावणे सरपंचांना सहज शक्य आहे. कार्यालयप्रमुखांनी हँडब्रेकची तपासणी वाहनाच्या नियमित देखभालीत समाविष्ट करावी. शिक्षकांनी उभ्या गाडीच्या पुढेमागे न खेळण्याची शिकवण मुलांना द्यावी.

या सगळ्यास खर्च जवळजवळ नाही आणि वेळ लागतो तो अर्ध्या मिनिटाचा. त्या शाळेच्या मैदानावर त्या दिवशी मुले नव्हती, हा योगायोग होता. मुलांचे प्राण योगायोगावर सोपविण्याचा अधिकार कोणाही चालकाला नाही.